हार्टब्लीड : छिद्र बुजवल्यानंतरचे काम

७ एप्रिल २०१४ रोजी सर्व्हरांवरील सांकेतिक संभाषणासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीची १.०.१जी ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यासोबत आलेल्या छोट्या सूचनेने जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांची झोप उडवली. त्या सूचनेतील त्रुटीचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०१४-०१६० असा होता. हार्टब्लीड हे नाव आणि रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचे चिन्ह तिला फिनलंडमधील कोडेनोमिकॉन या कंपनीने दिले. कोणीही अनोळखी माणूस, लॉगिन न करता, एक लहानसा बनावट संदेश पाठवून सर्व्हरच्या मेमरीतील जवळजवळ ६४ किलोबाइटचा तुकडा मागवू शकत होता, हे वाटेल तितक्या वेळा करू शकत होता आणि सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये त्याची एकही नोंद उमटत नव्हती.

या प्रकरणाचा अभ्यास बहुधा कोडमधील चुकीपाशी येऊन थांबतो. ती चूक समजून घेण्यासारखी आहेच, पण ती दुरुस्त करणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होता. छिद्र दोन वर्षे उघडे असताना त्यातून काय बाहेर गेले हे कळण्याचा मार्गच नसेल, तर काय गेले असे गृहीत धरायचे आणि गेलेले निरुपयोगी करण्यासाठी कोणती गोष्ट आधी व कोणती नंतर करायची, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर देण्यात बहुसंख्य संस्था कमी पडल्या, म्हणून या लेखात भर त्यावर दिला आहे.

त्रुटीचे स्वरूप

टीएलएस हा इंटरनेटवरील संभाषण सांकेतिक करणारा प्रोटोकॉल आहे आणि ओपनएसएसएल तो अमलात आणते. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५२० या दस्तऐवजाने त्यात हार्टबीट नावाची एक सोय घातली. जोडणीवर बराच वेळ काही हालचाल नसेल, तर पलीकडचा संगणक अजून जागेवर आहे की नाही हे पूर्ण हस्तांदोलन (जोडणी सुरू करतानाची ओळख व किल्ल्या ठरवण्याची प्रक्रिया) नव्याने न करता तपासता यावे, हा तिचा हेतू होता. यूडीपी या जोडणी न राखणाऱ्या पद्धतीवर चालणाऱ्या डीटीएलएस या टीएलएसच्या प्रकारासाठी ही सोय खरोखर उपयोगाची होती. टीसीपी या जोडणी राखणाऱ्या पद्धतीवर चालणाऱ्या साध्या वेब सर्व्हरला तिची गरज क्वचितच पडत असे, तरीही ओपनएसएसएलच्या १.०.१ आवृत्तीत ती मुळातच सुरू ठेवलेली होती.

हार्टबीट संदेशाची रचना साधी आहे. पहिला बाइट संदेशाचा प्रकार सांगतो, पुढचे दोन बाइट मजकुराची लांबी सांगतात, त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर येतो आणि शेवटी किमान १६ बाइटचे भरण असते. ज्याला संदेश मिळाला त्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. येथे लांबी दोन ठिकाणांहून कळते हे महत्त्वाचे आहे. एक लांबी पाठवणाऱ्याने संदेशात लिहिलेली असते, तर दुसरी प्रत्यक्ष हाती आलेल्या टीएलएस रेकॉर्डची, म्हणजे संदेश ज्या पाकिटातून येतो त्याची, असते. ओपनएसएसएलचा कोड पहिलीवर विश्वास ठेवत होता आणि ती दुसरीशी ताडून पाहत नव्हता. त्यामुळे एक बाइट मजकूर पाठवून लांबी ६५,५३५ अशी लिहिली, की सर्व्हर तो एक बाइट घेई आणि उरलेले बाइट मेमरीत त्याच्या पुढे जे काही पडलेले असेल त्यातून उचलून उत्तरात घालून पाठवी.

पुढे काय पडलेले असेल, हे हल्लेखोराला ठरवता येत नव्हते. पण एखादी चालती वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रक्रियेच्या मेमरीत नुकत्याच उलगडलेल्या विनंत्या, त्यांतील पासवर्ड, सेशन कुकी (लॉगिन झाल्याची खूण) आणि कधी खासगी किल्लीचे, म्हणजे सर्व्हर ज्या गुप्त संख्येने आपली ओळख पटवतो तिचे, अवशेषही विखुरलेले असतात. पुन्हापुन्हा विचारत राहिले की दर वेळी वेगळा तुकडा हाती येई. ओपनएसएसएलने वेगासाठी मेमरीचे स्वतःचे साठे राखले होते आणि वापरून झालेले तुकडे ऑपरेटिंग सिस्टीमला परत न करता तेच फिरवून वापरले जात. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रमुख थिओ द रॅट यांनी यावर कडाडून टीका केली. काही प्रणालींमध्ये अशा अतिक्रमणावर प्रोग्रॅम जागीच कोसळावा अशी योजना होती, परंतु या मधल्या साठ्यामुळे ती निष्प्रभ झाली. कोसळणारा सर्व्हर निदान कोणाच्या तरी लक्षात आला असता.

दुरुस्तीत मोजक्या ओळींच्या दोन तपासण्या होत्या. रेकॉर्ड किमान आकाराचे नसेल तर ते टाकून द्यायचे, आणि लिहिलेली लांबी प्रत्यक्ष रेकॉर्डमध्ये मावत नसेल तरीही गुपचूप टाकून द्यायचे. आरएफसी ६५२० मध्ये नेमके हेच सांगितलेले होते. म्हणजे प्रोटोकॉल निर्दोष होता आणि चूक तो अमलात आणणाऱ्या कोडची होती. हा कोड २०११ च्या ३१ डिसेंबरला मूळ भांडारात दाखल झाला, तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटला आणि १४ मार्च २०१२ रोजी आवृत्ती १.०.१ सोबत जगभर पोचला. १.०.१ ते १.०.१एफ या सर्व आवृत्त्या बाधित होत्या, तर ०.९.८ आणि १.०.० या जुन्या शाखांमध्ये हार्टबीटच नसल्याने त्या सुरक्षित राहिल्या. अनेक वर्षे सर्व्हर अद्ययावत न करणारे लोक या वेळी आपोआप वाचले, ही गोष्ट अद्ययावत राहण्याचा आग्रह धरणाऱ्यांना थोडी अडचणीची वाटते खरी.

ही त्रुटी गूगलच्या नील मेहता यांना आणि कोडेनोमिकॉनच्या अभियंत्यांना स्वतंत्रपणे सापडली. एकाच सुमारास दोघांना सापडली याचा अर्थ तिसऱ्यालाही सापडलेली असू शकते, हे ओळखून ओपनएसएसएलने वाट न पाहता दुरुस्ती ७ एप्रिललाच खुली केली. परिणामी काही मोठ्या कंपन्यांना आधी कळले होते, तर बहुतेक लिनक्स वितरणांना आणि उपकरण बनवणाऱ्यांना ते इतर सर्वांसोबतच कळले.

गांभीर्य कसे मोजावे

त्या काळी प्रचलित असलेल्या सीव्हीएसएस आवृत्ती २ च्या मोजपट्टीवर हार्टब्लीडला १० पैकी ५.० गुण मिळाले, म्हणजे ती 'मध्यम' त्रुटी ठरली. मोजपट्टीच्या दृष्टीने ते चुकीचेही नव्हते, कारण हल्लेखोराला सर्व्हरवर काही लिहिता येत नव्हते, सर्व्हर बंद पाडता येत नव्हता आणि कोणता मजकूर मिळेल यावर त्याचे नियंत्रण नव्हते. गोपनीयतेला 'अंशतः' धक्का, एवढीच नोंद होत होती. पण त्या अंशात प्रमाणपत्राची, म्हणजे ब्राउझरला सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दस्तऐवजाची, खासगी किल्ली असेल, तर सर्व्हरची ओळखच गेली. 'उच्च' गुणांच्या त्रुटी आधी आणि 'मध्यम' त्रुटी पुढच्या महिन्याच्या फेरीत, असा नियम यांत्रिकपणे पाळणाऱ्या विभागाने हार्टब्लीड काही आठवडे बाजूला ठेवली असती. गुण हा अंदाजाचा आरंभ आहे. त्या मेमरीत आपले काय काय असते हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते.

खासगी किल्ली खरोखर बाहेर काढता येते का, यावर पहिले काही दिवस वाद होता. किल्ली सर्व्हर सुरू होताना मेमरीत खालच्या पत्त्यांवर बसते आणि वाचन पुढच्या पत्त्यांकडे जाते, म्हणून ती हाती लागणे अवघड आहे, असा एक तर्क होता आणि तो ऐकायला पटणारा होता. क्लाउडफ्लेअर या कंपनीने तो तपासण्यासाठी मुद्दाम एक बाधित एनजिनएक्स सर्व्हर उभा केला आणि त्याची किल्ली काढून दाखवण्याचे खुले आव्हान दिले. ११ एप्रिलला, आव्हान जाहीर झाल्यावर काही तासांतच, फेदोर इंदुत्नी यांनी सुमारे २५ लाख विनंत्या पाठवून ती काढली. फिनलंडच्या सायबर सुरक्षा केंद्रातील इल्का मॅटिला यांना सुमारे १ लाख विनंत्यांतच ती सापडली.

हे कसे शक्य झाले ते पाहण्यासारखे आहे. आरएसए किल्लीचा गाभा दोन मोठ्या मूळ संख्यांचा असतो आणि त्यांचा गुणाकार प्रमाणपत्रात सर्वांना उघड दिसतो. गळालेल्या मेमरीतून किल्लीची पूर्ण फाइल शोधण्याची गरजच नव्हती. प्रत्येक ठिकाणापासून मूळ संख्येच्या लांबीइतके बाइट उचलायचे आणि त्या संख्येने उघड गुणाकाराला नि:शेष भाग जातो का एवढे पाहायचे. एक भाग गेला की दुसरी संख्या भागाकाराने मिळते आणि संपूर्ण किल्ली तयार होते. किल्लीची मूळ जागा कितीही सुरक्षित असली, तरी गणिते करताना तिच्या तात्पुरत्या प्रती दुसरीकडे उमटत आणि नीट पुसल्या जात नसत. या निकालानंतर 'किल्ली बहुधा सुरक्षित असेल' असे म्हणण्यास आधार उरला नाही.

उपाययोजनेचा क्रम

पहिले काम पॅचचे नव्हते, शोधाचे होते. ओपनएसएसएल केवळ अपाची आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरांत नव्हते. मेल सर्व्हर, व्हीपीएन उपकरणे, लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी उपकरणे), नेटवर्क स्विच आणि अँड्रॉइड ४.१.१ वरील फोन यांतही ते होते. याउलट मायक्रोसॉफ्टचा आयआयएस आपली वेगळी टीएलएस लायब्ररी वापरत असल्याने बाधित नव्हता, आणि ओपनएसएसएच हे दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करण्याचे साधन ओपनएसएसएलमधील केवळ गणिती भाग वापरते, टीएलएस वापरत नाही, म्हणून तेही सुरक्षित होते. मात्र आयआयएसच्या पुढे ओपनएसएसएलवर चालणारा लोड बॅलन्सर उभा असेल, तर ग्राहकाचे सांकेतिक संभाषण तिथेच उलगडते आणि मागच्या सर्व्हरची सुरक्षितता कामाला येत नाही. 'आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट आहे' या उत्तरावर चौकशी थांबवणे म्हणूनच धोक्याचे होते.

आवृत्ती तपासण्यातही एक फसवी जागा होती. डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट यांसारखी वितरणे मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती न घेता केवळ दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. त्यामुळे रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ वर दुरुस्ती झाल्यानंतरही लायब्ररी स्वतःची आवृत्ती १.०.१ई अशीच सांगत राहिली. वितरणाने जोडलेला पुढचा क्रमांक न पाहता केवळ मूळ आकडा पाहणाऱ्यांनी सुरक्षित सर्व्हर धोक्याच्या यादीत टाकले. त्याहून वाईट म्हणजे, पॅकेज बदलले आणि काम झाले असे समजणाऱ्यांनी बाधित सर्व्हर सुरक्षित यादीत टाकले. डिस्कवरची लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेल्या प्रक्रिया मेमरीतील जुनीच प्रत वापरत राहतात. त्या सर्व पुन्हा सुरू केल्याशिवाय छिद्र बुजत नाही. लिनक्सवर, पुसल्या गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या लायब्ररी कोणत्या प्रक्रियांच्या हाती आहेत याची यादी काढता येते. ती रिकामी होईपर्यंत काम अपुरे. शिवाय काही प्रोग्रॅममध्ये लायब्ररी आतच जोडलेली असते. तिथे वितरणाची दुरुस्ती पोचत नाही आणि तो प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागतो.

जिथे पॅच लगेच मिळत नव्हता, तिथे हार्टबीट वगळून लायब्ररी पुन्हा कंपाइल करणे हा पर्याय होता. बंद उपकरणांच्या बाबतीत तोही नव्हता. अशा वेळी नेटवर्कवर पहारा ठेवणे किंवा सेवा काही काळ बंद करणे एवढेच हाती उरते. पहाऱ्यासाठी एक सोयीची गोष्ट अशी होती, की संभाषण सांकेतिक झाल्यानंतरही टीएलएस रेकॉर्डचा प्रकार उघडा दिसतो आणि हार्टबीटचा प्रकार २४ आहे. आतला मजकूर वाचता येत नसला, तरी लहान विनंतीला भलेमोठे उत्तर जात आहे हे मोजता येते. ज्यांच्याकडे नेटवर्कवरील पॅकेटांचे जुने साठे होते, त्यांना याच मार्गाने मागे वळून पाहता आले. इतरांना ते शक्य नव्हते.

छिद्र बुजल्यावर खरा क्रम सुरू होतो. नवी खासगी किल्ली तयार करायची, तिच्यावर नवे प्रमाणपत्र घ्यायचे, ते बसवायचे, मगच जुने प्रमाणपत्र रद्द करून घ्यायचे. त्यानंतर सर्व चालू सेशन मोडायचे आणि सर्वांत शेवटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगायचे. हा क्रम उलटला तर कष्ट वाया जातात. बाधित सर्व्हरवर नवी किल्ली बसवली, तर तीही गळू शकते. पॅचच्या आधी पासवर्ड बदलला, तर तो नवा पासवर्ड त्या क्षणी मेमरीत ताजा असतो आणि आधीपेक्षा अधिक धोक्यात येतो. पहिल्याच दिवशी 'सगळे पासवर्ड बदला' असा जो सरसकट सल्ला दिला गेला, तो सद्हेतूने दिलेला असला तरी अनेक ठिकाणी अकाली होता. वेबसाइटने आपली दुरुस्ती पूर्ण झाल्याचे सांगेपर्यंत थांबणे अधिक शहाणपणाचे होते.

सेशन मोडण्याची पायरी सर्वांत दुर्लक्षित राहिली आणि तिची किंमत लवकरच कळली. मँडियंट या सुरक्षा कंपनीने एका ग्राहक संस्थेवरील हल्ल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ८ एप्रिलपासून, म्हणजे त्रुटी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून, हल्लेखोर त्या संस्थेच्या व्हीपीएन उपकरणाकडून मेमरीचे तुकडे मागवत होता. त्याला पासवर्ड किंवा किल्ली नको होती. आधीच आत शिरलेल्या वापरकर्त्यांचे सेशन टोकन त्याला पुरेसे होते. टोकन म्हणजे प्रवेश तपासून झाल्याचा पुरावा असतो, म्हणून दुहेरी पडताळणीही वाटेत आली नाही. एकाच वापरकर्त्याची जोडणी दोन वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवर झपाट्याने आलटून पालटून दिसते, या विचित्र नोंदीवरून हा प्रकार व्हीपीएनच्या लॉगमध्ये लक्षात आला. हार्टबीटची नोंद उपकरणाच्या लॉगमध्ये होत नव्हती, पण चोरीच्या मालाचा वापर मात्र नोंदला जात होता. पुरावा शोधायचा तो तिथे.

कॅनडाच्या महसूल खात्याने ८ एप्रिलला आपल्या ऑनलाइन सेवा बंद केल्या, आणि तेही करविवरणे भरण्याच्या ऐन हंगामात. तरीही त्याआधीच्या सुमारे ६ तासांत जवळपास ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक काढून नेले गेले होते. सेवा १३ एप्रिलला पूर्ववत झाली आणि विवरणे भरण्याची मुदत ५ मेपर्यंत वाढवण्यात आली. सेवा बंद करण्याचा निर्णय लोकांना गैरसोयीचा होता, पण माझ्या मते तो योग्य होता. तो काही तास आधी झाला असता, तर कमी गमवावे लागले असते.

प्रमाणपत्र रद्द करण्याच्या पायरीने एक वेगळेच दुखणे उघड केले. चोरलेली किल्ली आणि मुदतीतले जुने प्रमाणपत्र हाती असलेला माणूस, नेटवर्कच्या वाटेवर बसू शकला तर, त्या वेबसाइटचे सोंग घेऊ शकतो. रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची यादी पाहून ब्राउझरने त्याला रोखणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात बहुतेक ब्राउझर यादी मिळाली नाही तर पुढे जाऊ देत, आणि क्रोम तर अशी थेट चौकशी मुळातच करत नसे. निवडक प्रमाणपत्रांची स्वतःची छोटी यादी तो वापरत असे. क्लाउडफ्लेअरने आपली प्रमाणपत्रे एकगठ्ठा रद्द केली तेव्हा त्यांच्या प्रमाणन संस्थेची यादी काही किलोबाइटांवरून काही मेगाबाइटांवर गेली आणि ती वितरित करणे हाच एक भार होऊन बसला. प्रमाणपत्रे तेव्हा अनेक वर्षांच्या मुदतीची मिळत. आज त्यांची मुदत कमी करण्याचा जो आग्रह दिसतो, त्यामागे रद्द करण्याची यंत्रणा भरवशाची नाही हा अनुभव आहे. जुन्या संभाषणांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच करून ठेवणाऱ्यांना दिलासा मिळाला. प्रत्येक जोडणीसाठी तात्पुरती वेगळी किल्ली ठरवणारी पद्धत ज्यांनी सुरू केली होती, त्यांची पूर्वी कोणी साठवून ठेवलेली वाहतूक खासगी किल्ली चोरूनही उलगडता येत नव्हती.

प्रत्यक्षात किती झाले

मिशिगन, इलिनॉय आणि बर्कली येथील विद्यापीठांतील संशोधकांच्या गटाने या काळात इंटरनेटची वारंवार पाहणी केली. लोकप्रिय अशा दहा लाख वेबसाइटांपैकी टीएलएस वापरणाऱ्या २४ ते ५५ टक्के सर्व्हर सुरुवातीला बाधित असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांच्याजवळच्या जुन्या पॅकेट साठ्यांत जाहीर होण्यापूर्वीच्या गैरवापराचा पुरावा मिळाला नाही. जाहीर झाल्यावर मात्र पहिला हल्ला २२ तासांच्या आत दिसला. पॅच लावण्याचा वेग पहिल्या काही दिवसांत उत्तम होता. पुढच्या पायऱ्यांचे चित्र वेगळे आहे. बाधित वेबसाइटांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी पुढील महिन्याभरात प्रमाणपत्र बदलले, आणि बदलणाऱ्यांतील १४ टक्क्यांनी नव्या प्रमाणपत्रासाठी जुनीच किल्ली वापरली. असे प्रमाणपत्र कागदोपत्री नवे असते, पण चोराजवळची किल्ली त्यालाही तितकीच चालते.

याच गटाने त्रुटी जाहीर होऊन तीनेक आठवडे लोटल्यानंतरही बाधित असलेल्या सर्व्हरांच्या चालकांना थेट ई-मेल पाठवून पाहिले. ज्यांना ई-मेल गेला त्यांच्यात दुरुस्तीचे प्रमाण, न पाठवलेल्यांच्या तुलनेत ४७ टक्क्यांनी अधिक भरले. इतका गाजावाजा होऊनही आपला सर्व्हर बाधित आहे हे अनेकांना कोणीतरी नाव घेऊन सांगेपर्यंत ठाऊक नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

ओपनएसएसएलला तोवर वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता, हेही या निमित्ताने लोकांना समजले. २४ एप्रिल २०१४ रोजी लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी गोळा करणारा उपक्रम जाहीर केला. ओपनबीएसडीने आपली लिबरएसएसएल ही वेगळी शाखा काढली आणि गूगलने बोरिंगएसएसएल. ओपनएसएसएलच्या १.१.० आवृत्तीतून टीएलएससाठीचे हार्टबीट काढले गेले आणि १.१.१ मध्ये ही सोय संपूर्णपणे वगळण्यात आली. वेब सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी फारसे कोणी तिची आठवण काढली नाही.